उजवा रकाना

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. आमच्या घरात पाय बघायला कोणाला सवड नव्हती, कारण मी हात बघायला बसलो होतो. निवृत्त माणसाच्या हाती मोबाईल आणि घरात तान्हं बाळ, या दोन गोष्टी एकाच वेळी देऊ नयेत. दिल्या, की तो शास्त्रज्ञ होतो.

शास्त्राशी माझा संबंध म्हणाल तर तीस वर्षांचा. अमरावतीतल्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होतो. सहायक म्हणजे बीकर धुणारा, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवणारा आणि पोरांनी फोडलेल्या काचा झाडणारा. तरी गल्लीत मला सगळे ‘सर’ म्हणतात, आणि मी आजवर कोणाची ही चूक दुरुस्त केलेली नाही. फुकटचा मान कोण परत करतो?

गेल्या वर्षी दिवाळी उलटल्यावर माझी मुलगी बाळंतपणाला माहेरी आली. माहेर म्हणजे मी एकटा. बायको जाऊन चार वर्षं झाली होती, आणि मला डिंकाचे लाडू सोडा, साधा वरणभातही एका चवीचा दोनदा जमत नाही. नात झाली ती चांगली चार किलोच्या वर. डोकं बाहेर आलं आणि खांद्याशी अडकलं. डॉक्टरीणबाईंना बरीच ओढाताण करावी लागली. पण आम्ही ऐकलं ते फक्त वजन. ‘सव्वाचार किलो!’ असं मी पेढे वाटताना ओरडून सांगत होतो, जसं काही कपाशीचं माप मीच टाकून आलो होतो.

मग अकोल्याहून विहीणबाई आल्या. दोन दिवसांसाठी आल्या आणि माझ्या स्वयंपाकघरात एकदा डोकावून महिनाभराच्या झाल्या. अकोल्याबाहेर, अकोटच्या रस्त्याला, त्यांची भाजी-फुलांची वाडी आहे. वांग्यात कीड आहे की नाही हे चिरून बघणं त्यांना कमीपणाचं वाटतं. बोटानं दाबून सांगतात. येताना त्यांनी शेवंतीची फुलं, मेथीच्या जुड्या, गावरान तूप आणि मतं अशी चार पोती आणली. शेवटचं पोतं सर्वांत जड होतं.

“इवाई,” त्या मला म्हणाल्या. आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. “तुमी बाहीर बसा. लेकराचं आमी पाहू.”

मी बाहेर बसलो, मोबाईल काढला आणि तिथंच घात झाला.

मोबाईलवर मला कळलं, की तान्ह्या बाळाचं शरीर काही गोष्टी न शिकवता करतं. तळहातावर बोट ठेवलं की मूठ आवळतं. मोठा आवाज झाला की दचकून दोन्ही हात बाजूला फेकतं आणि मग कवेत घेतल्यासारखे आत आणतं. उभं धरून पाय गादीला टेकवले की पाऊल टाकल्यासारखं करतं. आणि झोपताना मान एका बाजूला वळवतं. बहुतेक बाळं उजवीकडे. या सगळ्यात, म्हणे, पुढं ते उजवं होणार की डावरं याच्या खुणा असू शकतात. ‘असू शकतात’ असं लिहिलं होतं. पण मला चष्मा लागल्यापासून ‘शकतात’ नीट दिसत नाही.

आता मी एवढा का पेटलो, ते सांगतो. मी जन्माचा डावरा. बार्शीटाकळीजवळच्या खेड्यात डावऱ्या पोराला ‘डेबऱ्या’ म्हणायचे, आणि ते लाडानं म्हणत नसत. घरी आई काही बोलायची नाही. पण लग्नाकार्याच्या पंगतीला जायचं असलं की सुईदोरा काढायची आणि माझ्या सदऱ्याच्या डाव्या बाहीचं तोंड शिवून टाकायची. लांब बाही, आत हात, बाहेर टाका. पंगतीत चारचौघांत मी डाव्या हातानं बुंदी उचलू नये, एवढीच तिची इच्छा होती. वाढपी हसायचे, पोरं हसायची, आणि एकदा खुद्द नवरदेव हसला. सातव्या वर्षी मी उजवा झालो, म्हणजे उजव्या हातानं वाईट लिहायला लागलो. आयुष्यात पुढं एकच जागा सापडली जिथं डाव्या हाताचं कौतुक होतं. ब्युरेटची, म्हणजे थेंबथेंब द्राव सोडणाऱ्या उभ्या काचनळीची, तोटी डाव्या हातानं फिरवायची असते, आणि उजव्या हातानं खालचा चंबू हलवायचा. प्रोफेसरांना जमायचं नाही ते मला जमायचं. त्यावर मी तीस वर्षं छाती फुगवून फिरलो.

तर नात डावरी निघावी अशी माझी फार इच्छा होती. आणि ती निघालीच, तर या घरात तिच्या हाताला कोणी हात लावणार नाही, अशी मी शपथ घेतली. शपथ घेतली तेव्हा ती दोन दिवसांची होती.

कॉलेजातून आणलेली एक कोरी प्रयोगवही कपाटात होती. मी ती काढली. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. उद्देशाखाली लिहिलं, ‘बाळ डावरे आहे हे सिद्ध करणे.’ साहित्य: बाळ एक, खुळखुळा एक, स्टीलची ताटली एक. मग निरीक्षणाच्या पानावर दोन रकाने आखले, डावा आणि उजवा. आणि पान उलटून निष्कर्षही लिहून टाकला. कॉलेजात पोरं आधी निष्कर्ष लिहून मग प्रयोगाला उभी राहायची, तेव्हा मी त्यांना किती हसायचो! मला वाटायचं, हे गाढवपण वयानं जातं.

प्रयोग जोरात सुरू झाले. मुलीचा डोळा लागला, विहीणबाई स्वयंपाकघरात गेल्या, की मी पाळण्याशी. मुठी दोन्ही आवळायच्या. डावी जरा जास्त घट्ट आहे असं मी ठरवलं. मान डावीकडे वळवून झोपायची. डावा रकाना, एक खूण. आणि ताटलीचा आवाज केला की डावा हात असा झपकन उडायचा, की मन भरून यायचं. उजवा आपला छातीशी गप्प. डावा, एक खूण. डावा, आणखी एक. उजवा रकाना कोराच राहिला, आणि मी त्या कोऱ्या जागेकडे पेढ्याच्या रिकाम्या डब्याकडे बघावं तसा समाधानानं बघत राहायचो.

“ते तिकडं खिडकी हाये म्हून तिकडं पाहून राह्यलं लेकरू,” विहीणबाई मागून म्हणाल्या. त्या कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या कोण जाणे. “पाळणा फिरवा, मंग पाहा.”

हे मला सुचलं नव्हतं. म्हणून मी ते फेटाळून लावलं.

पाचवीच्या संध्याकाळी आमचं पहिलं उघड युद्ध झालं. पाचवीला सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी नशीब लिहिते. तिच्यासाठी कोरा कागद आणि लेखणी ठेवायची. विहीणबाईंनी पाट मांडला, हळदकुंकू वाहिलं आणि पेन बाळाच्या उजव्या हाताशी ठेवलं. त्या दिवा आणायला वळल्या, तसं मी पेन उचलून डावीकडे ठेवलं. त्या आल्या, बघितलं, उजवीकडे ठेवलं. मी फुलं सारखी करण्याच्या मिषानं पुन्हा डावीकडे. मुलगी भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, “बाबा, लिहिणार सटवाई आहे, बाळ नाही. तुम्ही दोघं गप्प बसा.”

“सटवाई काही डेबरी नसन,” विहीणबाई पुटपुटल्या.

“तुम्ही बघितलंय तिला?” मी विचारलं.

शेवटी पेन बाळाच्या पायाशी ठेवलं गेलं. आता ही पोरगी पायानं लिहायला लागली तर दोष कोणाचा, हे मी वहीत नोंदवून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी विहीणबाईंनी शिवून आणलेली झबली बाहेर काढली. मऊ सुती, जुन्या लुगड्याची. मुलीनं एक घडी उलगडली, आणि मी जागच्या जागी थिजलो. डाव्या बाहीचं तोंड शिवलेलं होतं. सहाही झबल्यांचं. बारीक, देखणे, एकसारखे टाके.

तसं बघितलं तर यात काही मोठं नव्हतं. तोंड ओरबाडू नये म्हणून बाळाच्या मुठी झाकतातच. पण मग दोन्ही झाका की! एकच का? मी विचारलं तर त्या सरळ म्हणाल्या, “आमच्या घरात डेबरं कोणी नाई. उद्या पोट्टी नांदायले जाईन, डाव्या हातानं कुकू लावन लोकायले? आत्ताच सवय लागली तं लागली.”

माझं टाळकंच सरकलं. मी दाढीचं पातं आणलं आणि सहाच्या सहा बाह्या उसवल्या. त्या माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या आणि मी बोलत सुटलो. आई, पंगत, बुंदी, हसणारा नवरदेव, सगळं. साठ वर्षांत बायकोलाही मी ते सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं ते या बाईला, तेही ओरडून. बोलून झाल्यावर मलाच लाज वाटली. त्या एवढंच म्हणाल्या, “बरं. नाई शिवत,” आणि उसवलेले दोरे वेचून पदरात घेतले.

मी जिंकलो होतो. वहीत तसं लिहिलंही.

मग दोन गोष्टी घडल्या, आणि दोन्हींचा अर्थ मी तत्काळ लावला. सकाळी मालिशवाली मावशी यायची. ती म्हणाली, “उजव्या बाजूनं तेल लावलं की लेकरू लय रडते, सर.” मी लिहिलं: बाळास उजवी बाजू नापसंत. दुसरी गोष्ट माझी स्वतःची. पावलाचा प्रयोग राहिला होता. मी बाळाला दोन्ही बगलांत धरून गादीवर उभं केलं. तिनं डावं पाऊल टाकलं की नाही मला आज खात्रीनं सांगता येत नाही, पण ती किंचाळली. तान्हं बाळ असं किंचाळलेलं मी ऐकलं नव्हतं. घाबरून खाली ठेवलं. मग शांत झाल्यावर लिहिलं: ‘पाऊल: डावे. बाळ रडले. प्रयोग अपूर्ण.’

त्या दुपारी विहीणबाई मेथी निवडता निवडता म्हणाल्या, “इवाई, डावा बांधू नका म्हनलं, नाई बांधला. पन उजवा काहून हालवत नाई हे लेकरू?”

मला हसू आलं. काय चाल होती! दारातून जमलं नाही तर खिडकीतून. “डावरं लेकरू उजवा हात कशाला हलवेल?” मी म्हणालो.

“मी डेबऱ्या पोट्ट्यांबद्दल नाई बोलून राहिली. डेबरं असो का काहीही असो, देवानं दोन हात देल्ले तं दोन्ही हालतेत. दचकते तवा हा उठतच नाई.”

“तेच तर डावरेपणाचं लक्षण आहे,” मी म्हणालो. आणि मोबाईलवरचं सगळं त्यांना ऐकवलं. शकतात, असावेत, बहुधा, हे शब्द गाळून.

पुढचे चार-पाच दिवस आमचं बोलणं मुलीमार्फत चाललं. ‘तुझ्या बाबाले सांग, जेवन वाढलं.’ ‘तुझ्या सासूबाईंना सांग, मला भूक नाही.’ मुलगी म्हणाली, “मला एक बाळ झालं असं मला वाटत होतं. तीन आहेत.” ती मनातून घाबरलेली होती हे मला तेव्हा कळलं नाही. रोज सकाळी ती बाळाचा उजवा हात हातात घेऊन बसायची, आणि मी आलो की सोडून द्यायची. मला वाटेल, सासूच्या बाजूनं गेली, म्हणून.

बाराव्या दिवशी बारसं. जावई अकोल्याहून गाडी घेऊन आला, गल्लीतल्या बायका आल्या, पाळणा शेवंतीनं सजला, घुगऱ्यांचं पातेलं शिजून तयार. नाव ठरलेलं होतं. विहीणबाई आतल्या खोलीत बाळाला नवं झबलं घालत होत्या, आणि शुभ म्हणून पहिला उजवा हात बाहीत सारायला गेल्या. बाळ त्या दिवसासारखं किंचाळलं. मी दारात होतो. त्यांची बोटं बाळाच्या गळ्याखाली, उजव्या खांद्याच्या अलीकडे, थांबली. वांगं दाबून बघावं तशी ती बोटं तिथं हळूच फिरली. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता, म्हणून मी जास्त घाबरलो.

“इथं गाठ हाये,” त्या म्हणाल्या. “हरभऱ्याएवढी. हाडाची.”

बाहेर कोणीतरी पाळणा म्हणायला सुरुवात केली होती. विहीणबाई बाळाला घेऊन बाहेर आल्या आणि सगळ्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “नाव मंग ठेवू. पह्यले दवाखाना. घुगऱ्या खाऊन जा साऱ्या, उपाशी नका जाऊ.” आणि जावयाला, “गाडी काढ.”

लहान मुलांची डॉक्टरीण माझ्या मुलीच्याच वयाची होती. तिनं बाळाला टेबलावर निजवलं, डोकं हाताच्या तळव्यावर तोललं आणि जरासं खाली सोडल्यासारखं केलं. डावा हात उडाला. उजवा जागचा हलला नाही. माझ्या ताटलीच्या प्रयोगापेक्षा हे किती नीट होतं, असा विचार त्याही वेळी माझ्या डोक्यात येऊन गेला. मूर्खपणाला वेळकाळ नसतो. मग फोटो काढला. गळ्याखालचं आडवं हाड, उजव्या बाजूचं, मोडलेलं.

“जन्मताना खांदा अडकला असेल,” ती म्हणाली. “होतं असं मोठ्या बाळांना. पहिल्या तपासणीत निसटतं कधी कधी, सूज नसते. ही गाठ म्हणजे हाड जुळायला लागलंय, त्याची काळजी नाही. काळजी दुसरी आहे. ओढताना खांद्याच्या नसाही ताणल्या गेल्या असतील, तर हाड जुळलं तरी हात उठणार नाही. ते आत्ता सांगता येत नाही. दुखतंय म्हणून हलवत नाही, की हलवताच येत नाही, हे दुखणं थांबल्यावर कळेल. पंधरा दिवस जाऊ द्या.” मग तिनं आमच्याकडे बघितलं. “पण बारा दिवस एक हात हलत नाही, हे घरात कोणाच्याच लक्षात आलं नाही?”

विहीणबाईंनी पिशवीत हात घातला आणि माझी प्रयोगवही काढून टेबलावर ठेवली. घाईत बाळाची दुपटी भरताना त्यांनी ती कशी आणि का आणली, मी विचारलं नाही. मला वाटलं, झालं, आता या बाई माझी धिंड काढणार. आणि मी त्या लायकीचाच होतो.

डॉक्टरनं पानं उलटली. दचकणे, तारीखवार. डाव्या रकान्यात खुणांची रांग. उजवा रकाना स्वच्छ. तिनं ‘बाळ रडले, प्रयोग अपूर्ण’ वाचलं आणि त्या पानावर बोट ठेवलं.

“काका,” ती हळू आवाजात म्हणाली, “एवढ्या लहान बाळाला डावं-उजवं नसतं. कुठं झुकतंय ते कळायलाच पहिलं वर्ष जावं लागतं, नक्की ठरायला तर आणखी. आधीच एखादं बाळ एकच हात चालवत असेल, तर आम्ही त्या हाताचं कौतुक करत नाही. दुसऱ्या हाताला काय झालंय ते बघतो. या रकान्यात तुम्ही रोज शून्य बघत होता ना?”

हो, रोज बघत होतो. बघून खूश होत होतो. तुटक्या हाडाच्या पोरीला बगलेत धरून मी उभी केली होती, आणि ती ओरडली तर लिहिलं, प्रयोग अपूर्ण. मला तिथंच जमिनीनं गिळलं असतं तर बरं झालं असतं. मुलगी माझ्याकडे बघत नव्हती. ती रडतही नव्हती. मला ते सहन झालं नाही.

बाहेर गाडीपाशी विहीणबाई म्हणाल्या, “लिवलं तं बराबर होतं, इवाई. वाचता नाई आलं तुमाले.”

उपाय काय होता, ऐका. उजव्या बाहीचं टोक झबल्याच्या छातीवर टाचून ठेवायचं, म्हणजे हात हलणार नाही आणि हाड जुळेल. टाचणी नको, टोचेल, म्हणून विहीणबाई सुईदोरा घेऊन बसल्या. ज्या बाईनं डावी बाही शिवून आणली होती, तीच आता उजवी शिवत होती, आणि ज्या माणसानं पातं घेऊन सहा बाह्या उसवल्या होत्या, तो दिवा धरून बसला होता. देवाला विनोद कळत नाही म्हणणाऱ्यांनी आमच्या घरी यावं. शिवताना त्यांचा हात एकदा थांबला. “माह्या मनात काही वाईट नव्हतं,” त्या टाक्याकडे बघतच म्हणाल्या. “माझ्याही नव्हतं,” मी म्हणालो. बस, एवढंच आमचं मिटवामिटवीचं बोलणं झालं.

ते पंधरा दिवस कसे गेले विचारू नका. मालिश बंद. बाळाला उचलायचं ते खांद्याला धक्का न लावता. बारसं लांबलं, पोरीला नाव नव्हतं, सगळे नुसतं ‘बाळ’ म्हणायचे. शेजारच्या बायका विचारायच्या, “सर, हात बरा होईल ना?” आणि मी सर असून मला उत्तर येत नव्हतं. ज्या माणसाला नात डावरी हवी होती, तो सकाळी उठून तिच्या उजव्या हातासाठी हात जोडायचा. आता कुठल्याही हातानं जेव, बाई. कुंकू डाव्यानं लाव, बुंदी डाव्यानं उचल, चारचौघांत उचल. पण दोन्ही हात असू दे तुला. एवढं मी रोज मागितलं, आणि तेवढ्यात पोरीला हलवून उठवू नका म्हणून मुलीनं मला रोज दटावलं. ती बोलायला लागली होती, तेच पुष्कळ होतं.

पंधराव्या दिवशी सकाळी, दवाखान्यात जायच्या आधी, आंघोळीसाठी विहीणबाईंनी टाके उसवले. बाळ पाळण्यातल्या गादीवर निजलं होतं, उघडं, दोन्ही हात मोकळे. पाळणा त्यांनी केव्हाच फिरवून ठेवला होता. खिडकी आता उजव्या हाताला होती आणि बाळ तिकडेच बघत होतं. मुलगी माझ्या मागे येऊन उभी राहिली.

“करा तुमचा परयोग,” विहीणबाई म्हणाल्या.

“मी नाही. डॉक्टर करतील.”

“दोन तास अजून थांबू मी? माह्यानं नाई होत.” त्यांनी ताटली माझ्या हातात दिली. मी ती धरली आणि तशीच धरून ठेवली. तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या प्रयोगांची भांडी धुतली. हा एक मला नको होता. शेवटी त्यांनीच माझ्या हातून ती हिसकावली आणि फरशीवर टाकली.

डावा हात उडाला. उजवा छातीशीच.

मुलीच्या तोंडून एक आवाज निघाला. बाळ रडायच्या बेतात ओठ काढत होतं. मला काय झालं माहीत नाही, मी खाली वाकलो आणि तिच्या त्या उजव्या हाताशी बोलायला लागलो. “अगं, सोडलंय तुला. टाके काढले. उसवलंय सगळं. तुला कळलं नाही का अजून?” बाही उसवल्यावरही माझा डावा हात कितीतरी दिवस बाहीतच राहायचा, ते मला आठवत होतं. त्याला सवय झाली होती. मी ताटली उचलली आणि या वेळी मीच टाकली.

डावा हात उडाला, आणि त्याच्या मागून, जरा उशिरा, जरा अडखळत, उजवा. खांद्यापासून वर. बोटं पसरून. मग दोन्ही हात एकदम आत आले, कोणाला तरी कवेत घ्यावं तसे, आणि ती भोकाड पसरून रडायला लागली.

आम्ही तिघंही रडत होतो. मी तिच्या उजव्या तळहातावर माझं उजवं बोट ठेवलं. तिनं ते धरलं आणि अशी मूठ आवळली, की मला सोडवून घ्यायची हिंमतच होईना. मुलगी डोळे पुसत आत गेली आणि वही घेऊन आली. पान उघडून, पेन काढून माझ्यापुढं धरलं. “लिहा, बाबा. तो रकाना रिकामा आहे.”

उजवा हात बाळाकडे अडकलेला. मी पेन डाव्या हातात घेतलं. वही घसरायला लागली, तर विहीणबाईंनी ती दोन्ही हातांनी दाबून धरली. साठ वर्षांनी त्या हातानं अक्षर काढायचं म्हणजे काय. मी त्यांच्याकडे बघितलं, आणि या वयातही मला लाज वाटली.

“लिवा ना, इवाई,” त्या म्हणाल्या. “हे काय पंगत हाये?”